वेदगंगेचा काठ आणि एकाहत्तरीचे अण्णा : एक प्रकरण

हे प्रकरण निपाणी तालुक्यातल्या पाच जणांच्या एका गटाचं आहे. दिवाळी सरली की ही मंडळी यमगर्णीच्या पुलापाशी होड्या पाण्यात घालतात आणि वेदगंगेनं पूर्वेला, कुन्नूरच्या बाजूला निघतात. दोन दिवसांचा प्रवास, मधे एका मळ्यात मुक्काम. गटात सर्वांत मोठे अण्णा. घटना घडली तेव्हा वय ७१. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने) करण्यात त्यांचा जन्म गेला, निवृत्तीनंतर गावी आले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू, साखर नाही, गुडघे कुरकुरतात पण शेतावर चालत जातात. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि याच गटात वल्हं मारते. अण्णांच्या आणि काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, संमतीनं हे लिहिते आहे.

वय झालेल्या माणसानं नदीवर जावं का, या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. एक, ‘आता या वयात कशाला?’ दुसरं, ‘मन तरुण पाहिजे.’ या दोन्ही उत्तरांनी अण्णांचं भलं झालं नसतं. त्यांचं नेमकं काय बिघडलं होतं ते शोधायला आम्हाला बरेच दिवस लागले, आणि सापडलं ते भलत्याच ठिकाणी.

होडी आणि नदी

आमच्या होड्या कनू प्रकारच्या आहेत. वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, दोघांनी पुढे-मागे बसून एकेका पात्याच्या वल्ह्यानं चालवायची. हा नाद गटातल्या एका काकांनी आणला. ते नोकरीनिमित्त कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतात होते. तिकडे तळ्यांना तळी लागून आहेत. १८९३ साली स्थापन झालेल्या अल्गॉन्क्विन पार्कात लोक एक तळं वल्हवत ओलांडतात, मग होडी खांद्यावर घेऊन रानातल्या पायवाटेनं दुसऱ्या तळ्यावर जातात, असे कित्येक दिवस. होडी वाहून नेण्याच्या या टप्प्याला पोर्टेज म्हणतात. तिथल्या साठी-सत्तरीच्या वल्हेकऱ्यांचा खरा काच हाच असतो. जुन्या अॅल्युमिनियमच्या १७ फुटी होडीचं वजन ३० किलोच्या वर. म्हणून वय वाढेल तसे लोक केव्हलार या हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याच्या, वीस किलोच्या आसपास भरणाऱ्या होड्या घेतात, किंवा एकाच तळ्याकाठी तंबू टाकून रोज तिथूनच फिरतात.

आमच्याकडे तळ्यांची माळ नाही, पण बंधारे आहेत. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, ममदापूर-हुन्नरगी ही नावं पावसाळ्यात ‘बंधारा पाण्याखाली, वाहतूक बंद’ अशा बातम्यांतून सगळ्यांना पाठ झालेली. पाऊस ओसरला की या के. टी. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी अडतं, आणि मागे लांबपर्यंत संथ फुगवटा राहतो. वल्हवायला यापेक्षा चांगलं पाणी नाही. मात्र प्रत्येक बंधाऱ्याच्या बरंच अलीकडे काठाला लागायचं, सामान उतरवायचं, होडी उचलून बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला न्यायची आणि पुन्हा बसायचं. बरग्यांवरून पाणी पडतं त्या जागेच्या जवळपास फिरकायचं नाही. वरून पाहिलं तर निवांत दिसतं, पण खाली पाणी स्वतःभोवती उलटं फिरत असतं आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर येत नाही.

आमची होडी फायबरची, १६ फुटी, ३६ किलोची. आणि काठ काळ्या मातीचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत काही ठिकाणी घाटाच्या पायऱ्या गाळाखाली गेल्या, काही ठिकाणी दरडच उभी कापली गेली. ज्या काठावर आधी सहज पाय टाकता येत होता तिथं आता गुडघाभर रेंदा. काठाला उसाच्या मळ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबली, मधे मासेमारीची जाळी. हे सगळं तरुणाला गमतीचं वाटतं.

अण्णांची जागा नेहमी मागची. पुढचा माणूस ताकद लावतो. मागचाही लावतो, पण वल्हं मागे आल्यावर पातं किंचित बाहेरच्या अंगाला वळवून होडीचं तोंड सरळ ठेवतो. हे वळवणं मनगटात आणि डोळ्यांत असतं. अण्णांनी शिवणीच्या लाकडाची हलकी वल्ही स्वतः तासलेली आहेत आणि मागच्या बैठकीवरून ते एकदाही वल्हं काढून दुसऱ्या बाजूला न घालता होडी दोरीत ओवल्यासारखी सरळ नेतात.

घटना

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, अक्कोळ-सिदनाळ बंधाऱ्याच्या अलीकडे आम्ही काठाला लागलो. अण्णांच्या पुढे बसलेल्या मामांनी (वय ६३) नेहमीप्रमाणे उडी टाकली आणि होडीचं तोंड चिखलावर ओढून घेतलं. सगळे असंच करतात, आणि तोंड काठावर टेकलं की होडी पक्की झाली असं वाटतं. खरं तर उलटं होतं. पुढचं टोक चिखलाच्या एका बिंदूवर टेकतं, मागचं पाण्यावर तरंगतं, आणि मधली सगळी होडी कुशीवर कलायला मोकळी होते. मागच्या माणसाला या डुगडुगत्या होडीतून, पिशव्या ओलांडत, वाकून पुढे यावं लागतं.

अण्णा वाकून आले. पुढच्या टोकाशी सरळ उभे राहिले. उजवा पाय काठावर टाकला. क्षणभर तिथंच थांबले, जणू कोणी हाक मारली म्हणून. मग पाय चिखलात सटकला आणि ते डाव्या हातावर पडले. मनगटाजवळचं हाड मोडलं. आम्ही हात फळीच्या तुकड्याला बांधला, बंधाऱ्यावरच्या रस्त्यावरून एक टेम्पो मिळाला, आणि दुपारच्या आत प्लास्टर झालं. हाड नीट जुळलं. वैद्यकीय भाषेत किरकोळ प्रकरण.

पण ते क्षणभर थांबणं मी पाहिलं होतं, आणि मला ते किरकोळ वाटत नव्हतं.

कोण काय म्हणालं

पुण्याहून मुलाचा फोन आला, “अण्णा, बास आता. होडी विकून टाका.” काकू काहीच बोलल्या नाहीत. मामा म्हणाले की पुढच्या वेळी अण्णांना मधे बसवून नेऊ, वल्हं मारायचंच नाही. गटातले बाकीचे गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

आपल्याकडे थोराला तोंडावर सांगत नाहीत. कॅनडातून आलेले काका आदल्या वर्षीच माझ्यापाशी बोलले होते की अण्णा उतरताना आता दोन्ही हातांनी होडीचा काठ धरतात. मामांनी पाहिलं होतं की मळ्यातल्या मुक्कामात अण्णा रात्री उठताना आधी चार पायांवर येतात, मग खांबाला धरून उभे राहतात. प्रत्येकाला एकेक गोष्ट ठाऊक होती आणि प्रत्येकानं ती आदरापोटी पोटात ठेवली होती. अण्णांनाही सगळं कळत होतं. गटात आपण मोठे, आपण कुरकुर कशी करायची, म्हणून तेही बोलत नव्हते. हा आदर खरा आहे, मला तो हवाच आहे. पण चार माणसांच्या चार निरीक्षणांची बेरीज वेळेत झाली असती तर ते मनगट वाचलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

तपासणी

प्लास्टर निघून हात हलता झाल्यावर मी अण्णांना रीतसर तपासलं. “काय झालंय मला? पाय घसरला, एवढंच की,” असं म्हणतच ते आले.

खुर्चीवरून हात छातीशी बांधून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ही साधी चाचणी आहे. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका वाढलेला, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं कोष्टक सांगतं. अण्णांना ९ जमलं. एका पायावर उभं राहणं डळमळीत. खांदे मात्र पन्नाशीच्या माणसाला लाजवतील असे. आयुष्यभर रंधा मारलेला माणूस तो.

मग रक्तदाब. आडवं झोपवून १४२/८४. उभं केल्यावर एका मिनिटानं ११८/७२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर तो दोष धरतात. इथं वरचा २४ नं आणि खालचा १२ नं उतरला होता. त्या टोकाशी उभं राहिल्यावर अण्णांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. विचारल्यावर कबूल झाले, “आली थोडी. पण सांगायसारखं काय त्यात?”

अंधारी का आली याचं अर्धं उत्तर गोळ्यांच्या पाकिटावर होतं. रक्तदाबाच्या गोळीसोबत सकाळी लघवीची गोळीही चालू होती. उरलेलं अर्धं काकूंनी सांगितलं, तेही स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. “होडीत जायच्या दिवशी ते सकाळपासून घोटभरच पाणी पितात. सारखं उतरायला लागू नये म्हणून. आणि तू असतेस ना गं बरोबर.”

प्रकरणाचा गाभा हा आहे. म्हातारपणी तहान तशीही कमी लागते. शरीराला पाणी हवं असलं तरी घसा कोरडा पडत नाही. त्यात लघवीची गोळी, त्यात उन्हात अडीच-तीन तास वल्हवणं, आणि त्यावर जाणूनबुजून न पिणं. प्रोस्टेटच्या वयातला पुरुष, होडीतून उतरणं अवघड, काठावर आडोसा नाही, गटात एक बाई. अण्णांनी स्वतःपुरता मार्ग काढला होता आणि तोच त्यांना पाडत होता. पुढच्या वर्षी वल्हं काढून घेऊन त्यांना मधे बसवलं असतं तरी ते पाणी प्यायले नसतेच, आणि उतरताना तसेच पडले असते.

एक शंका उरली होती, वल्हवणं स्वतःच झेपतं का? ती फेडायला आम्ही जत्राटच्या फुगवट्यात तासभर होडी फिरवली. अण्णा मागे, मी पुढे. ते सगळा वेळ बोलत होते, गुऱ्हाळांचे दिवस, पूल नव्हते तेव्हा अंबी (नावाडी) कसे उतारू पलीकडे न्यायचे, पुरात गुळाच्या काहिलीतून माणसं कशी काढायचे. दम लागत असता तर इतकं बोलता आलं नसतं. वल्ह्याचा ठेका शेवटपर्यंत तोच होता.

वयात येणारी झीज सगळीकडे सारखी नसते. स्नायू तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी उतरतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पण ताकदीपेक्षा आधी जाते ती चपळाई. सटकलेला पाय पापणी लवायच्या आत सावरायला जो झटका लागतो तो आधी मंदावतो. तासभर एका लयीत वल्हं मारणं वेगळं, घसरत्या चिखलावर अर्ध्या सेकंदात तोल सावरणं वेगळं. पहिलं अण्णांकडे भरपूर शिल्लक होतं.

काय बदललं

गोळ्यांबाबत निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. आकडे पाहून त्यांनी औषधाचा प्रकार आणि वेळ बदलली. हे कोणी घरच्या घरी करू नये.

व्यायाम तीन महिने चालला. खुर्चीवरून उठबस, चौकट धरून एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, पायरीवर पिशवी घेऊन चढ-उतर. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही तेवढंच केलं, जास्त नाही. अण्णांनी कॅलेंडरवर फुल्या मारल्या. शेवटी उठबस १३ वर आली. झोपून-उभं यातला वरच्या आकड्याचा फरक १२ वर.

पाण्याचा प्रश्न नियमानं सोडवला. दर तासाला सगळ्यांनी काठाला लागायचं, गरज असो नसो. कोणालाही मागावं लागू नये हा हेतू. होड्यांमधे अंतर ठेवायचं, आणि प्रत्येक होडीत रुंद तोंडाची झाकणाची बाटली आणि एक पंचा ठेवायचा. माझ्या होडीतही. मीच पहिल्यांदा हे सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलले. दोन मिनिटं सगळे नदीकडे बघत राहिले आणि मग विषय कायमचा मिटला.

आता गोम अशी, की जास्त थांबे म्हणजे जास्त वेळा उतरणं, आणि धोका तर उतरण्यातच. म्हणून थांबे आधी हेरले. मोटारसायकलवरून काठानं फिरून, जिथं घाटाच्या पायऱ्या मोकळ्या आहेत, दगडी पिचिंग शाबूत आहे किंवा गुरं पाण्यावर उतरतात तसा सौम्य उतार आहे, अशाच जागा घेतल्या. होडी आता काठाला तोंडानं लावत नाही, अंगानं लावतो. पुढचा माणूस उतरतो, होडीचा काठ दोन्ही हातांनी दाबून धरतो. अण्णा आधी बसल्या जागी दोन्ही पाय काठाकडे घेतात, दहा आकडे मोजतात, मग उठतात. चिखलावर तंबाखूच्या बोदाचं जुनं तरट दुहेरी घालून ठेवतो. निपाणीत तरटाला तोटा नाही. ओल्या मातीवर तरट टाकलं की पाय सटकायचं बरंच कमी होतं. 

होडी वाहण्यासाठी कॅनडातल्या काकांनी दोन फेऱ्यांचा उपाय सुचवला. ओझं निम्मं करायचं आणि दोनदा न्यायचं. चारशे मीटरची वाट मग बाराशे मीटर होते, कारण मधे रिकाम्या हातानं परत यावं लागतं. पण या वयात अंतर परवडतं, वजन नाही. सामानासाठी आम्ही हे घेतलं, एका पिशवीत आठ किलोपेक्षा जास्त नाही. होडीसाठी अण्णांनी स्वतः गाडा केला. सायकलची दोन जुनी चाकं, मधे लाकडी खाच, होडीच्या पोटाच्या वळणाला तंतोतंत बसणारी. पॅटर्नमेकरचा हात तो. होडी आता बंधाऱ्यावरून एक माणूस ढकलत नेतो.

वाद झाला तो बैठकीवरून. मुलाचं आणि मामांचं म्हणणं, अण्णांनी पुढे बसावं, मागची जबाबदारी नको. माझं म्हणणं उलटं होतं आणि मी ते सोडलं नाही. पुढच्या माणसाला आधी उतरावं लागतं, तेही ओल्या काठावर, आधाराशिवाय. समोरून वारा आला तर जास्त जोर त्यालाच लावायचा. मागच्याला लागतं ते पाणी वाचणं: कुठं जाळं आहे, कुठं केबल, वळणावर गाळ कुठल्या अंगाला साठलाय. हे अण्णांइतकं आमच्यात कोणालाही येत नाही. जे त्यांच्याकडे सर्वांत जास्त आहे तेच काढून घेऊन, जे सर्वांत कमी आहे ते त्यांच्या अंगावर टाकायचं, आणि त्याला काळजी म्हणायचं, हे मला पटत नव्हतं. अण्णा मागेच बसले.

मुक्कामही बदलला. मळ्यात जमिनीवर अंथरूण आता नाही. वाटेतल्या एका नातेवाइकांच्या घरी बाजलं आणि रात्रभर जळणारा दिवा.

पुढच्या दिवाळीनंतर

पहिला दिवस बिनघोर गेला. अक्कोळ-सिदनाळला अण्णा तरटावरून चालत काठावर आले आणि मागे वळून न बघता गाड्याच्या चाकात हवा आहे का ते पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी नऊनंतर समोरून वारा सुटला. ममदापूर-हुन्नरगीच्या अलीकडची हेरून ठेवलेली जागा वाळूउपशानं की कशानं खचली होती, उभी दरड. मामा म्हणाले, जरा पुढे बघू. तेव्हा अण्णांनी वल्हं आडवं धरलं. “हितनं पुढं न्हाई. मागच्या घाटाला लागू, टेम्पो बोलवा.” निघायच्या आधी ठरलं होतं की थांबा म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कारण विचारायचं नाही. आम्ही मागे फिरलो. कुन्नूर राहिलं. टेम्पोत अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि कोणी ते पुसायला गेलं नाही. हा निर्णय आमच्यापैकी कोणी घेतला असता तर त्यात अपमान झाला असता. त्यांनी स्वतः घेतला, मागच्या बैठकीवरून.

मुलगा अजून राजी नाही. प्रत्येक थांब्यावर त्याचा फोन येतो आणि प्रत्येक थांब्यावर अण्णा तो उचलतात, हेही ठरवूनच घेतलं आहे. मामांच्या उजव्या खांद्यात आता कळ येते. त्यांचीही तपासणी करायची आहे आणि ते टाळताहेत.

यंदा अण्णांच्या मनात दूधगंगा कृष्णेला मिळते तिथं, कल्लोळ-येडूरच्या संगमाला जायचं आहे. मी नाही म्हटलं आहे. कृष्णेचं पात्र रुंद, वाऱ्याला उघडं, काठ लांब, आणि त्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथं दर तासाला उतरण्याचा नियम पाळता येत नाही, आणि तो नियम सोडून अण्णांना मी पाण्यावर नेणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग भोजपर्यंत? भोजचा काठ मी अजून पाहिलेला नाही. बरगे पडले की मोटारसायकलवरून जाऊन येणार आहे, अण्णांना मागे बसवून. काठ ते बघतील, उतार मी बघेन.